नीमा जोसेफ आणि आमच्या सोसायटीचा ठराव

नीमा जोसेफवर पहिला अन्याय झाला तो गेल्या गणपतीत, गौरी जेवल्या त्या संध्याकाळी, आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटायच्या आधी. जागा, मुलुंड पूर्वेतल्या एका सोसायटीचा मंडप. दुसरा झाला दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी, त्याच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, चहा यायच्या आधी. करणारे कोणी गुंड नव्हते. बँकेत, शाळेत, विमा कंपनीत नोकरी करणारी, मुलांच्या टक्क्यांची काळजी करणारी माणसं होती. मी त्याच सोसायटीत राहते. माझे वडील तिथले सभासद आहेत.

सोसायटीचं नाव लिहिणार नाही. घाबरून नाही. नाव लिहिलं की तुम्ही सुटलात. 'हां, तिकडचे लोक तसलेच' म्हणून पान उलटाल.

भाडेकरूंच्या प्रश्नांवर आमचा एक लहानसा गट काम करतो. पत्रक लिहायचं, झेरॉक्स काढायच्या आणि स्टेशनबाहेर उभं राहून वाटायच्या, एवढं मला येतं. या प्रकरणावरही मी तेव्हाच पत्रक लिहिलं होतं. नीमानेच ते थांबवलं, कारण तिची शेवटची परीक्षा बाकी होती आणि तिचा व्हिसा त्या परीक्षेवर टांगलेला होता. आता पदवी तिच्या हातात आहे. परवा फोनवर विचारलं, आता लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण माका बिचारी करू नको."

करत नाही. तशी ती नव्हतीच.

नीमा टांझानियाची, दार-ए-सलाम शहरातली. इथे फिजिओथेरपी शिकायला आली होती. एजंटने आमच्या सोसायटीतल्या परबकाकींना फोनवर सांगितलं, मुलगी शिकतेय, ख्रिश्चन आहे, नीमा जोसेफ नाव. काकींना वाटलं वसईची असेल. काकी मूळच्या मालवणकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी गेल्यावर त्यांनी मुलुंडला वॉचमनकी केली, आणि ज्या चाळीत राहायचे ती पाडून आमचा टॉवर झाला तेव्हा चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. काका ती बघायला उरले नाहीत. मुलगा पुण्याला. एक खोली रिकामी, म्हणून भाड्याने द्यायची.

पुढचं काकी स्वतःच सगळ्यांना सांगत असत. दार उघडलं तर समोर वसई नाही, दुसरंच काहीतरी. एजंट घाईघाईने सारवासारव करायला लागला. काकींनी त्याला गप्प केलं आणि गावाकडे कुणालाही विचारतात तेच विचारलं, "तू कोणाचां चेडू गो?" एजंटने हिंदीत सांगितलं की तू कोणाची मुलगी असं विचारतायत. दुसरी कुणी वडिलांचं नाव सांगून मोकळी झाली असती. नीमाने प्रश्न मनावर घेतला. बाप कोण, आजी कोण, आजीचं गाव बागामोयोच्या पलीकडे समुद्रावर, तिथे आजी मासे सुकवून विकायची, हे सगळं तिने मोडक्या हिंदीत उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. काकी म्हणाल्या, दर्यावरची म्हणजे आपलीच की. आणि बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी काकी नारळ खवायला बसणार, तर नीमाने त्यांच्या हातून विळी घेतली. पाय कुठे दाबायचा, वाटी कशी फिरवायची, हे तिला शिकवावं लागलं नाही. तिच्या आजीकडे तसंच बसून खवतात, तसंच दूध काढतात आणि त्यात मासे शिजवतात. काकींच्या मनात जो काही आक्षेप होता, तो अर्धा तिथे संपला आणि उरलेला रात्रीच्या जेवणात.

नीमाला मराठी आली ती काकींची. म्हणजे मालवणी. वाण्याकडे जाऊन ती 'नारळ व्हयो' म्हणायची, आणि वाणी कच्छी, तो गोंधळून हिंदीत विचारायचा, मॅडम क्या चाहिए. रिक्षावाल्याशी हिंदी, कॉलेजात इंग्लिश, आणि राग आला, लाड आले, भूक लागली की मालवणी. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. कानात लाकडी डूल. पांढरे कॅनव्हासचे बूट ती टूथपेस्ट लावून घासायची आणि खिडकीच्या ग्रिलला उलटे टांगायची. खालून वर बघितलं की बुटांवरून कळायचं नीमा घरी आहे. हसताना ती शेजारच्याच्या खांद्यावर जोरात हात मारायची. माझा खांदा त्यातून गेलेला आहे.

नाच तिचा धंदा नव्हता. अभ्यासाचा ताण आला की पोडियमवर, गाड्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत, दुपारी कुणी नसताना ती नाचायची. कानात इयरफोन, बाहेर आवाज फक्त बुटांचा. मुलं जमली. मुलांत पहिली उर्वी, आमच्या सेक्रेटरी राणेसाहेबांची मुलगी, सातवीतली, पाय एका जागी न ठरणारी. ती म्हणाली, दीदी, शिकव ना. मग उर्वीच्या आई, मानसीवहिनी, स्वतः काकींकडे गेल्या. इथे नीट वाचा, कारण पुढे याच गोष्टीने घात केला. नीमाने त्यांना स्पष्ट सांगितलं की मी स्टुडंट व्हिसावर आहे, मला क्लास चालवता येत नाही, फी घेता येत नाही. मी नाचेन, मुलं बाजूला नाचली तर नाचू देत. वहिनींकडून हे कळल्यावर राणेसाहेब तिला म्हणाले, अहो मॅडम, घरचंच समजा, कोण विचारतंय. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. लिफ्टसमोर, हातात दुधाची पिशवी घेऊन ते हे बोलले.

तर क्लास नव्हता. पण नियम होते. काकींनी उंबऱ्यावर विचारलेला प्रश्न नीमाने उचलला आणि नाचाला लावला. कुठलीही स्टेप करायची तर आधी पुढे येऊन तीन गोष्टी सांगायच्या: नाव, गाव, कोणाचां. ते सांगितल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. नावं परदेशी, गावं जगभरची आणि प्रश्न मालवणीत, असा तो कारभार होता. पहिलीतला चिंटू पुढे यायचा आणि म्हणायचा, "पॉपिंग. कॅलिफोर्निया. रस्त्यावरच्या पोरांचां." मग दंडाचा एकेक स्नायू झटका बसल्यासारखा उडवायचा, म्हणजे उडवायचा प्रयत्न करायचा, आणि त्याचं पोटच हलायचं.

लॉकिंग म्हणजे नाचता नाचता कुलूप लागल्यासारखं थांबायचं आणि पुन्हा सुटायचं. हाऊस म्हणजे पायांनी जमिनीशी गप्पा मारायच्या. वॅकिंगमध्ये हात डोक्यामागून असे फिरतात की जणू केसांना आग लागलीय. ते कोणाचां, तर ज्यांना बाकी कुठे नीट नाचू देत नव्हते त्यांचं, त्यांच्या त्यांच्या क्लबांतलं. आझोंटो घानाचा, त्यात कपडे धुणं, फोन उचलणं, गाडी चालवणं असं रोजचं सगळं येतं. कुडुरो अंगोलातल्या लुआंडाचा, कडक, जणू गुडघ्यात सांधाच नाही. सिंगेली तिच्या स्वतःच्या शहराचा, इतका वेगवान की शिकताना मुलं जमिनीवर लोळून हसायची. पाय चुकला की ती रागावायची नाही. म्हणायची, "पायाक आधी सांग, तो खय जाता." नाव चुकलं की मात्र गाणं बंद.

एकदा राणेसाहेब ऑफिसातून येताना थांबले आणि म्हणाले, आम्ही पण कॉलेजात ब्रेकडान्स करायचो हां. उर्वीने तिथल्या तिथे सुनावलं, "पप्पा, ब्रेकिंग. ब्रेकडान्स हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. न्यूयॉर्क, ब्रॉन्क्स." राणेसाहेब सगळ्यांकडे बघून हसले. पोरगी हुशार आहे म्हणाले. तेव्हा त्यांना ती शिकवणूक आवडत होती.

क्रम्पवरून एकदा तक्रार आली. तो नाच दिसतो मारामारीसारखा, छाती पुढे, हात फेकायचे, पाय आपटायचे, तोंड रागाचं. पण कुणी कुणाला हात लावत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू धावत खाली आल्या की पोरं भांडतायत आणि तुम्ही बघताय काय. नीमाने त्यांना समजावलं नाही. मध्ये उभं केलं आणि विचारलं, आज कोणाचा राग आलाय? काकू म्हणाल्या, सासूचा. पाय आपटा, नीमा म्हणाली. त्यांनी आपटला. परत आपटला. तेव्हापासून त्या दर आठवड्याला ओढणी कमरेला बांधून हजर. अशी ती होती. तुम्ही भांडायला जाल आणि घाम पुसत परत याल.

एकाच गोष्टीवर ती अडून बसायची. 'आफ्रिकन डान्स' हा शब्द तिला चालत नसे. मानसीवहिनी नेहमी म्हणायच्या, आमच्याकडे नीमामॅडम मुलांना आफ्रिकन डान्स शिकवतात. नीमाने त्यांना एकदा विचारलं होतं, "वहिनी, आज दुपारी काय जेवलात? आशियाई जेवण?" वहिनी खूप हसल्या. किती गमतीशीर बोलते म्हणाल्या. मग कुणाला तरी फोन लावून सांगायला लागल्या की आमच्या आफ्रिकन मॅडम इतक्या विनोदी आहेत म्हणून.

गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी काहीतरी करावं, हे वहिनींचंच. सांस्कृतिक त्यांच्याकडे असतं. नीमाने निवडला गमबूट डान्स. पावसाळा असल्यामुळे गमबूट प्रत्येक घरात होते, लाल, पिवळे, कार्टूनवाले. गोष्ट तिने पोडियमवर बसून सांगितली. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ सोन्याच्या खाणी होत्या. खाणीत पाणी साचायचं. मालकांनी पाणी उपसण्याऐवजी कामगारांना गमबूट दिले, ते स्वस्त पडलं. काम करताना बोलायला बंदी. मग कामगार बुटांवर थापा मारून, पाय आपटून एकमेकांशी बोलायला लागले. त्यातून नाच झाला. एका मुलाने विचारलं, दीदी, हे तुझ्या गावचं? ती म्हणाली, नाही, मी पण दुसऱ्यांकडून शिकलेय, म्हणून तर जास्त नीट सांगायचं. परबकाकी तिथे भाजी निवडत बसल्या होत्या. गिरणीतही साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, काका घरी येऊनही हातवारे करून पाणी मागायचे, असं त्यांनी सांगितलं. मुलं हसली नाहीत. त्यानंतर ती तालीम बघण्यासारखी झाली. मुलं वाकायची, बुटावर थाप, टाच, टाळी, थाप, आणि अख्खा पोडियम खालच्या गाड्यांसकट घुमायचा.

आता ती संध्याकाळ.

नीमाची त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती परस्पर मंडपात येणार होती. दुपारी मानसीवहिनींना वाटलं, मुलं साध्या शर्ट-पँटमध्ये स्टेजवर उठून दिसणार नाहीत. त्यांनी ड्रेसवाल्याला फोन केला. आपल्याकडे हे ड्रेसवाले शाळेच्या गॅदरिंगला कोळी, शेतकरी, शिवाजी महाराज असे सेट भाड्याने देतात. त्यांच्याकडे 'आफ्रिकन' नावाचाही सेट असतो. तुम्हाला माहीत आहे तो. तुमच्या शाळेतही होता. गवताचा घागरा, काळं बनियन, प्लास्टिकची हाडं, पुठ्ठ्याचा भाला. आणि मेकअपवाला येतो, तो तोंडाला काळं फासतो, ओठ लाल करतो. वहिनींनी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी मुलांना बटाटेवडे खाऊ घालून, कौतुकाने, एकेकाला रांगेत बसवून फासलं. याचाच मला जास्त संताप येतो.

नीमा मागच्या बाजूने आली तेव्हा मी पडद्यापाशी होते. तिने मुलांची रांग पाहिली. चिंटूने तिला भाला दाखवला. ती खुर्चीवर बसली, पाठीवरची बॅगही काढली नाही.

माइकवर राणेसाहेब होते. आता येत आहेत, थेट आफ्रिकेच्या जंगलातून, आपले जंगली दोस्त, असं ते म्हणाले आणि तोंडाने काहीतरी हुर्र-हुर्र आवाज काढला. लोक खूप हसले. मुलं स्टेजवर आली. आणि उर्वी, सवयीप्रमाणे, गाणं सुरू व्हायच्या आधी पुढे आली. गवताचा घागरा, गळ्यात हाडं, काळं तोंड. स्पष्ट आवाजात म्हणाली, "गमबूट डान्स. जोहान्सबर्ग. खाणीतल्या कामगारांचा."

मंडप हसून लोटपोट झाला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच विनोद आहे. उर्वीला कळेना काय चुकलं. ती परत तेच बोलली, आता आवाज चिरकलेला. लोक आणखी हसले.

नीमा उठली आणि स्टेजवर गेली. तिने उर्वीसमोर गुडघे टेकले आणि रुमालाने तिचा गाल पुसायला सुरुवात केली. रंग तेलकट, निघेना, नुसता पसरायला लागला. पुढच्या रांगेतून परबकाकी उठल्या. मूर्तीच्या बाजूला समईच्या तेलाची बाटली ठेवलेली असते, ती त्यांनी उचलली, स्टेजची पायरी धापा टाकत चढल्या आणि बाटली नीमाच्या हातात दिली. नीमाने तेल ओतलं आणि पुसलं. एक गाल निघाला. दुसरा निघाला. माइकवरून राणेसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, मॅडम प्लीज, प्रोग्राम थांबवू नका, लोक बसलेत.

नीमाने वर बघितलं. माइक तिच्याकडे नव्हता, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"ह्यां तोंड कोणाचां? माजां ना? माका इचारलात?"

एवढंच बोलली. मग चिंटूकडे वळली आणि त्याचं तोंड पुसायला घेतलं. त्या दिवशी गमबूट डान्स झाला नाही. प्रसाद वाटून कार्यक्रम संपवण्यात आला.

रात्रीपासून सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. पहिला मुद्दा, एवढ्याशा गोष्टीचा इश्यू केला. दुसरा, वहिनींचा सगळ्यांसमोर अपमान झाला, त्या रडतायत. सकाळपर्यंत दोन्ही मागे पडले आणि तिसरा निघाला: देवाचं तेल वापरलं. मूर्तीपुढचं तेल एका परक्या, ख्रिश्चन बाईने हातात घेतलं. तेल हातात कुणी दिलं हे लिहायला सगळे विसरले. काकींकडे चार बायका समजूत घालायला गेल्या तेव्हा काकी म्हणाल्या, "देवाचां तेल पोरांच्या तोंडाक लागलां, तर देवाचां काय गेलां?" त्याला उत्तर नव्हतं, म्हणून काकी म्हाताऱ्या झाल्या, त्यांना काही कळत नाही, असं ठरलं.

मुलांनी खाली जायचं नाही असं घरोघरी सांगितलं गेलं. सासूवर पाय आपटणाऱ्या काकूंनीही आपल्या मुलीला वर बोलावून घेतलं. ओढणी परत खांद्यावर गेली.

काकींचा आणि नीमाचा करार त्याच महिन्यात नव्याने करायचा होता आणि त्याला सोसायटीची ना-हरकत लागत होती. ती अडवली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सभा लावली आणि ठराव मांडला: सोसायटीची सुरक्षितता व संस्कृती लक्षात घेता यापुढे परदेशी नागरिकांना सदनिका अथवा खोली भाड्याने देऊ नये. नीमाचं नाव ठरावात नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच दिसतं. ज्याच्यावर घाव घालायचा त्याचं नाव लिहायचं नसतं. आमच्या इमारतीत दुसरा परदेशी नागरिक नव्हता आणि नाही.

मी बोलायला उठले तर मला सांगण्यात आलं की तू सभासद नाहीस. काकी बोलल्या. माझी खोली, माझं घर, हे चेडू दोन वर्षं माझ्या हातचं जेवतंय, तुमच्यातल्या कुणाला तिने त्रास दिला ते उभं राहून सांगा, म्हणाल्या. कुणी उभं राहिलं नाही. मग राणेसाहेबांनी हात वर करायला सांगितले आणि ते वर झाले. माझ्या वडिलांचाही झाला. ते हे वाचतील. वाचू देत.

सभेनंतर राणेसाहेब काकींकडे चहाला गेले. अतिशय सौम्यपणे त्यांनी सांगितलं की मॅडम स्टुडंट व्हिसावर आहेत आणि इथे डान्सचे क्लास घेत होत्या. आता कुणी तक्रार केली तर पोलीस येतील, व्हिसाचं काय होईल सांगता येत नाही. मी तक्रार करणार नाही हो, पण ग्रुपवर शंभर माणसं आहेत. त्यापेक्षा मॅडमनी आपणहून गेलेलं बरं. घरचंच समजा म्हणणारे तेच हे राणेसाहेब. मी एका वकिलाला विचारलं. ते म्हणाले, ठराव टिकणार नाही, फी घेतली नसेल तर क्लासचंही काही निघणार नाही, पण हे सिद्ध होईपर्यंत तिची परीक्षा निघून जाईल.

नीमाने ऐकून घेतलं आणि सामान भरायला लागली. मी खूप बोलले. लढायला हवं, पत्रक काढू, कोर्टात जाऊ. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुला लढाई हवीय, मला डिग्री हवीय, आजीने मासे विकून पाठवलंय मला. मी उरलेल्या घड्या घालायला घेतल्या. काकींच्या मुलाने पुण्याहून फोन करून आईला सांगितलं, झालं ते बरं झालं, उगाच कटकट. काकींनी त्याचा फोन ठेवून दिला आणि नीमासाठी नारळाच्या वड्या करायला घेतल्या. नीमा मिरा रोडला एका मैत्रिणीकडे राहायला गेली. टेम्पोत सामान चढवताना पोडियमच्या कठड्यावर मुलं ओळीने उभी होती. कुणी हाक मारली नाही. मुलांना आम्ही फार लवकर शिकवतो.

आणि तुम्हाला वाटत असेल, इथे संपलं. थंडीत मुलुंडमधल्या सोसायट्यांची नृत्यस्पर्धा असते. आमच्या मुलांनी भाग घेतला. गमबूट घालून. तेच वाकणं, तीच थाप, तीच टाच, एकही हालचाल न बदलता. वहिनींनी नाव दिलं 'आफ्रिकन फ्यूजन'. या वेळी कपडे साधे होते, तेवढं कळलं होतं. पहिला नंबर आला. ट्रॉफी तळमजल्यावर लिफ्टसमोरच्या काचेच्या कपाटात आहे.

मी नीमाला शेवटचं पाहिलं ते तिथेच, उन्हाळ्यात. काकींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ती भेटायला आली होती. दुपारची वेळ. वॉचमनने तिला ओळखलं, तरी रजिस्टर पुढे केलं, त्याला तसं सांगून ठेवलं होतं. मी घरातून खाली उतरत होते तेव्हा ती कपाटासमोर उभी होती. ट्रॉफीखालच्या पट्टीवर लिहिलं आहे: आफ्रिकन फ्यूजन, नृत्यदिग्दर्शन सौ. मानसी राणे. तिला देवनागरी सावकाश वाचता येते, काकींच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवरून शिकली. ती एकेक अक्षर ओठ हलवत वाचत होती. मी बाजूला उभी राहिले.

लिफ्ट आली. आत राणेसाहेब, ऑफिसला दांडी मारलेली असावी, हातात बॅडमिंटनची रॅकेट. त्यांना खरोखर आनंद झाला. अरे मॅडम, कशा आहात, दिसत नाही हल्ली, मुलं फार आठवण काढतात, या ना एकदा. लिफ्टचं दार त्यांनी हाताने धरून ठेवलं, तिला आत येता यावं म्हणून.

"थँक यू सर," नीमा म्हणाली. इतक्या शांत, इतक्या सभ्य इंग्लिशमध्ये मी तिला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं. मग ती वळली आणि जिन्याकडे गेली. मी मागून म्हटलं, अगं चौथा मजला आहे. "जिनो बरो," ती म्हणाली, आणि चढायला लागली. हातात काकींसाठी आणलेली पपई. पहिल्या वळणावर तिचे पांढरे बूट दिसले, दुसऱ्या वळणावर दिसले, मग नुसते ऐकू आले.

ती आता परत जाते आहे. इथल्या हॉस्पिटलांत तिची गरज होती की नाही हा वेगळा विषय. तिला थांबवा असं मी तुम्हाला सांगत नाही, ती तुमच्या विनंतीची वाट बघत बसलेली नाही. मी मागते आहे ते तुमच्या हातातलं आहे.

तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे या आठवड्यात जा. सभेच्या इतिवृत्ताची वही मागा. सभासदाला ती बघायचा हक्क आहे. त्यात परदेशी नागरिक, मुसलमान, एकटी बाई, मासे खाणारे, यांपैकी कुणालाही जागा देऊ नये असा ठराव सापडला तर तो रद्द करण्याचा अर्ज लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कागदावर. निनावी नको. खाली सही करा, पूर्ण नाव लिहा, फ्लॅट नंबर घाला आणि पोचपावती घेतल्याशिवाय त्या दारातून हलू नका.